जुलाब, पाठदुखी आणि रोजची गोळी : निफाडच्या एका बागायतदाराची किडनी चार दिवसांत कशी बंद पडली

निफाड तालुक्यातले ५७ वर्षांचे एक द्राक्षबागायतदार. नऊ वर्षांपासून मधुमेह, सहा वर्षांपासून बीपी, दोन्ही गोळ्यांवर नीट ताब्यात. दारू नाही, तंबाखू नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी संध्याकाळी, त्यांना नाशिकला आमच्याकडे आणलं तेव्हा दोन दिवसांपासून लघवी जवळपास बंद होती, सकाळपासून धाप लागत होती आणि उचकी थांबत नव्हती. या प्रकरणात दुर्मिळ असं काही नाही. म्हणूनच ते तपशिलात मांडतो आहे. असे रुग्ण दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची किडनी वाचवता आली असती असं मला मनापासून वाटतं.

आधीचा आठवडा

खरड छाटणी चालू होती. मजुरांची टोळी वेळेवर मिळेना, म्हणून काका स्वतःच कात्री घेऊन मंडपाखाली उतरले. दिवसभर मान वर, हात वर. मंगळवारी रात्री पाठ आणि खांदे धरले. बुधवारी मुलाने मेडिकलमधून गोळ्या आणल्या. डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली ही गोळी गावागावात चिठ्ठीशिवाय मिळते. सकाळ-संध्याकाळ एक. बरं वाटलं, म्हणून चालू ठेवली.

शनिवारी नात्यातल्या लग्नाचं जेवण झालं. रविवारी पहाटेपासून जुलाब आणि उलट्या, दुपारपर्यंत दहा-बारा वेळा. गावातल्या डॉक्टरांनी एक सलाइन लावलं, उलटीचं औषध दिलं आणि अंग ठणकतंय, ताप आहे म्हणून एक इंजेक्शन दिलं. कागदावर नाव होतं, तेही डायक्लोफेनॅकच. सोमवारी जुलाब कमी झाले. घरच्यांना हायसं वाटलं.

सोमवारपासून लघवी थोडी आणि गडद होऊ लागली. उन्हाळी लागली असणार, असं सगळ्यांनी धरलं. सब्जाचं पाणी दिलं, धने-जिऱ्याचं पाणी दिलं. ताकद यावी म्हणून दिवसाला दोन शहाळी, आणि घरच्याच काळ्या मनुका भिजवून त्याचं पाणी. मंगळवारी लघवी एकदाच झाली, तीही कपभर नसेल. बुधवारी झालीच नाही.

या सगळ्या दिवसांत रोजच्या गोळ्या चालूच होत्या. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, दोन्ही एकाच गोळीत. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मी काकूंना गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा त्या थोड्या अभिमानानेच म्हणाल्या, "एक दिवस चुकवली नाही हो डॉक्टर. पोटात पाणी ठरत नव्हतं तरी दिली. तुम्हीच लोक सांगता ना, बीपीची गोळी कधी बंद करायची नाही म्हणून."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही डॉक्टर जे सांगतो ते त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. आम्ही अर्धंच सांगतो, आणि हे प्रकरण त्या न सांगितलेल्या अर्ध्याचं आहे.

दाखल करताना

बीपी ८८/५६. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. श्वास मिनिटाला २८, खोल आणि जोरात. पण सगळ्यांत जास्त खटकली ती नाडी, मिनिटाला ५२. शरीरातलं पाणी कमी होऊन बीपी पडलं की नाडी पळायला हवी, शंभराच्या पुढे. इथे ती मंद होती. लघवी बंद असलेल्या माणसात कमी बीपी आणि मंद नाडी एकत्र दिसली की पहिला संशय वाढलेल्या पोटॅशियमचा घ्यायचा आणि रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता ईसीजी काढायचा. ईसीजीत टी लाटा तंबूसारख्या टोकदार झाल्या होत्या, पी लाटा जवळपास पुसल्या गेल्या होत्या आणि क्यूआरएस, म्हणजे ठोक्याचा मुख्य उंच भाग, रुंद व्हायला लागलं होतं. यापुढची पायरी म्हणजे हृदय थांबणं.

कॅल्शियम ग्लुकोनेट लगेच शिरेतून दिलं. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदयाच्या स्नायूला थोडा वेळ संरक्षण मिळतं. काही मिनिटांत क्यूआरएस आक्रसलं, नाडी ६८ झाली. तोवर रिपोर्ट आले : पोटॅशियम ७.१, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर काढते तो टाकाऊ घटक) ६.४, युरिया १६८, सोडियम १३१, रक्ताचा पीएच ७.१८, बायकार्बोनेट ९, लॅक्टेट ४.२, म्हणजे रक्तात आम्ल साठलेलं. साखर ७४.

साखर ७४ ऐकून मुलगा म्हणाला, "शुगर तरी छान आहे." ती छान नव्हती. ग्लिमेपिराइडचे घटक आणि शरीरातलं इन्सुलिन, दोन्हींचा निचरा बऱ्याच अंशी किडनीतून होतो. किडनी बंद पडली की दोन्ही साठतात, त्यात चार दिवस पोटात अन्न नाही. मधुमेही माणसाची साखर काही न बदलता अचानक उतरू लागली, तर ते किडनी ढासळत असल्याचं लक्षण असू शकतं. पोटॅशियम पेशींच्या आत ढकलण्यासाठी इन्सुलिन द्यावंच लागणार होतं. म्हणून मात्रा निम्मी ठेवली, ग्लुकोज नेहमीपेक्षा जास्त दिलं, ग्लुकोजचं सलाइन चालू ठेवलं आणि रात्रभर तासातासाला साखर तपासली. सोबत साल्ब्युटामॉलची वाफ दिली, तीही पोटॅशियम तात्पुरतं आत ढकलते.

जुनी इजा की नवी?

क्रिएटिनिन ६.४ हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. दहा वर्षं हळूहळू खराब होत आलेल्या किडनीतही तो येतो आणि चार दिवसांपूर्वीपर्यंत ठणठणीत असलेल्या किडनीतही. उपचार आणि भवितव्य मात्र दोन्हींत पार वेगळं. म्हणून पहिला प्रश्न : जुना रिपोर्ट आहे का?

काकूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. त्यात सात महिन्यांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासण्या निघाल्या. क्रिएटिनिन १.१. त्या एका चिठोऱ्याने निदानाचा निम्मा रस्ता मोकळा केला. सोनोग्राफीनेही दुजोरा दिला : दोन्ही किडन्या साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास, वरचा थर चांगला जाड. जुन्या आजारात त्या सहसा आक्रसलेल्या दिसतात. मधुमेहात मात्र आजार जुना असूनही आकार टिकून राहू शकतो, म्हणून फक्त सोनोग्राफीवर विसंबणं बरोबर नाही. जुन्या आजारात हिमोग्लोबिन सहसा उतरतं. इथे ते १३.८ होतं, तेही नव्या इजेच्याच बाजूने बोलत होतं.

केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२च्या निकषांनुसार ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी ताशी वजनाच्या दर किलोमागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी राहिली, तर ती किडनीची तीव्र इजा. तिप्पट किंवा चारच्या वर गेलं की तिसरा, म्हणजे सर्वांत गंभीर टप्पा. काका सरळ तिसऱ्या टप्प्यात होते.

आता वेळेचा हिशेब. किडनीचं गाळणं पूर्ण थांबलं तरी क्रिएटिनिन दिवसाला साधारण १ ते १.५ नेच चढतं. ते साठायला वेळ लागतो. १.१ वरून ६.४, म्हणजे ५.३ ची वाढ. बुधवारी संध्याकाळपासून साडेतीन ते पाच दिवस मागे गेलं की आपण शुक्रवार ते रविवारच्या दरम्यान पोहोचतो. घरच्यांच्या मते आजार लघवी कमी झाली तेव्हापासूनचा, म्हणजे सोमवारचा. किडनीने मात्र त्याच्या आधीच मान टाकली होती. रविवारी कोणी क्रिएटिनिन तपासलं असतं तर कदाचित दीड-पावणेदोन आलं असतं आणि "थोडं वाढलंय" म्हणून सोडून दिलं गेलं असतं. या तपासणीचा हा मोठा दोष आहे. आकडा इजेच्या मागून चालतो.

कारण शोधताना

इजा किडनीच्या आधी आहे, किडनीत आहे की किडनीच्या पुढे? रक्तपुरवठा तुटला, गाळणी खराब झाली, की वाट तुंबली?

तुंबण्याची शक्यता आधी निकालात काढली, कारण ती सापडली तर उपाय लगेच होतो. या वयात प्रोस्टेट वाढलेलं असू शकतं, आणि मुतखडे तर आपल्याकडे घरोघरी. लघवीची नळी टाकली, ४० मिलिलिटर गडद लघवी आली. मूत्राशय रिकामं होतं आणि सोनोग्राफीत किडनी फुगलेली नव्हती. वाट मोकळी होती.

मग शेतकऱ्याला विचारायचे प्रश्न. साप चावला का? घोणस चावली तर रक्त गोठणं बिघडतं आणि किडनी बंद पडते, आणि अंधारात काय चावलं ते काही वेळा कळतही नाही. अंगावर खूण नव्हती, सूज नव्हती. तरीही काचेच्या नळीत वीस मिनिटं रक्त ठेवून पाहिलं. नीट गोठलं. फवारणी केली का? तणनाशक हाताळलं का? पॅराक्वाट किडनी आणि फुप्फुस दोन्हींवर घाला घालतं. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी मोरचूद घरात असतो. तो पोटात गेला तर लाल पेशी फुटतात, आणि आधी उलट्या-जुलाबच होतात. हा प्रश्न काका, काकू आणि मुलगा यांना वेगवेगळं बाजूला घेऊन विचारला, कारण सगळ्यांसमोर खरं उत्तर मिळत नाही. लघवीत हिमोग्लोबिन नव्हतं, कावीळ नव्हती, घरातही तसं काही घडलं नव्हतं. काढा, भस्म, पुडी? नाही. उन्हात स्नायू वितळले का? स्नायूंची इजा दाखवणारं सीपीके ६४०. थोडं वाढलेलं, पण त्या आजारात ते बहुधा पाच हजारांच्या वर असतं. प्लेटलेट्स २ लाख ४० हजार, त्यामुळे लेप्टो आणि डेंग्यू मागे पडले. रक्ताच्या कल्चरमध्ये पुढे काही वाढलं नाही.

उरलं ते इतकंच : जुलाबाने पाणी गेलं, आणि त्यात तीन औषधं.

ही तीन औषधं एकत्र आली की नेमकं काय होतं, ते मुलाला समजावताना मी ठिबकचा आधार घेतला. तो रोज व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला आत येणारी एक बारीक रक्तवाहिनी असते आणि बाहेर जाणारी एक. मुख्य लाइनचा दाब पडला की किडनी दोन गोष्टी करते. आतला व्हॉल्व्ह जास्त उघडते आणि बाहेरचा आवळते, म्हणजे गाळणीतला दाब टिकतो. आतला उघडायला प्रोस्टाग्लॅन्डिन लागतं, आणि डायक्लोफेनॅक तेच बंद करतं. बाहेरचा आवळायला अँजिओटेन्सिन लागतं, आणि टेल्मिसार्टन त्याला अडवतं. मुख्य लाइनचं पाणी जुलाबाने गेलं, आणि लघवीच्या गोळीने ते आणखी कमी केलं. तो लगेच म्हणाला, "म्हणजे पाणीही गेलं आणि दोन्ही व्हॉल्व्हपण आपल्या हातात राहिले नाहीत." नेमकं तेच झालं होतं.

यातली प्रत्येक गोळी एकेकटी रोज लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. टेल्मिसार्टन तर मधुमेही किडनीचं रक्षण करणारं औषध. म्हणून "या गोळीने किडनी गेली" असं एका नावावर बोट ठेवणं चुकीचं, आणि धोकादायकही. असं ऐकून लोक बीपीच्या गोळ्या कायमच्या फेकून देतात आणि दोन वर्षांनी अर्धांगवायू घेऊन परत येतात.

फक्त रक्तपुरवठा कमी पडलाय की किडनीच्या नलिका मेल्या आहेत? उपचार यावर अवलंबून. पहिल्यात सलाइनने दोन-तीन दिवसांत किडनी पूर्ववत होते, दुसऱ्यात वाट पाहावी लागते. लघवीतल्या सोडियमचं गुणोत्तर यासाठी वापरतात, पण लघवीच्या गोळ्या चालू असतील तर ते फसवतं. म्हणून युरियाचं गुणोत्तर काढलं, ते ५२ टक्के आलं. ३५च्या खाली असतं तर नुसता पाण्याचा प्रश्न मानता आला असता. आणि लघवी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मातकट तपकिरी, दाणेदार, नळकांड्यांसारखे साचे, शेजारी सुटलेल्या नलिकापेशी. मेलेल्या नलिकांचा हा गाळ. ही तपासणी काही रुपयांची आहे आणि मशीनच्या रिपोर्टमध्ये बऱ्याचदा हे साचे सुटतात. ताजी लघवी माणसाने डोळ्यांनी पाहणं याला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

निदान : जुलाबाने पाणी कमी होऊन आणि औषधांची भर पडून झालेली नलिकांची तीव्र इजा, तिसरा टप्पा. पोटॅशियममध्ये शहाळ्यांचा आणि मनुकांचाही वाटा. एका शहाळ्यात ५००-६०० मिलिग्रॅमच्या घरात पोटॅशियम असतं. लघवी होत असताना ते अमृत आहे. लघवी बंद झाल्यावर ते बाहेर पडायला वाट उरत नाही.

डायलिसिस

दोन लिटरच्या आसपास सलाइन, फुप्फुसांवर लक्ष ठेवत, टप्प्याटप्प्याने दिलं. बीपी ११२ वर आलं. सहा तासांत लघवी ६० मिलिलिटर. पोटॅशियम ७.१ वरून ६.१, आणि पहाटे पुन्हा ६.६. आत ढकललेलं बाहेर येत होतं. लघवीचं इंजेक्शन देऊन पाहा, असा आग्रह नातेवाइकांनी धरला. अंगावर पाणी साठलेलं नसताना फ्युरोसेमाइडने किडनी बरी होत नाही, हे आता पक्कं झालेलं आहे.

डायलिसिस हा शब्द काढला आणि खोलीतलं वातावरण बदललं. काकांचे थोरले भाऊ म्हणाले, "एकदा मशीन लागलं की जन्माचं लागतं. आमच्या गावात पाहिलंय आम्ही." त्यांनी खरंच पाहिलं होतं. किडनी कायमची गेलेले लोक आठवड्यातून दोन-तीनदा नाशिकला येतात, आणि गावाला डायलिसिस म्हणजे तेवढंच माहीत. मी त्यांना वेळ दिला. डायलिसिसने किडनी खराबही होत नाही आणि बरीही होत नाही. किडनी स्वतःला दुरुस्त करेपर्यंत रक्त साफ ठेवायचं काम ते करतं. मेलेल्या नलिकांच्या जागी नव्या पेशी येतात, साधारण एक ते तीन आठवड्यांत. तोवर माणूस जगला पाहिजे. "आणि नाही आल्या तर?" त्यांनी विचारलं. काही जणांत पूर्ण येत नाहीत, हेही सांगितलं. ते लपवून संमती घेणं मला मान्य नाही.

डायलिसिस लवकर सुरू केल्याने फायदा होतो का, यावर बराच वाद झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्टार्ट-एकेआय या मोठ्या चाचणीत घाईने सुरू केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट नव्वद दिवसांनी डायलिसिसवर राहिलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. त्यामुळे नुसत्या क्रिएटिनिनसाठी मी थांबलो असतो. न जुमानणाऱ्या पोटॅशियमसाठी थांबता येत नाही. गुरुवारी सकाळी मानेतल्या शिरेत नळी टाकून पहिलं डायलिसिस झालं, मुद्दाम कमी वेळाचं आणि संथ, कारण युरिया झपाट्याने उतरला तर मेंदूला सूज येऊ शकते. उचकी त्याच संध्याकाळी थांबली. मुलाने रेशनकार्ड आणलं, आरोग्यमित्रांनी महात्मा फुले योजनेचे कागद केले, आणि घरच्यांच्या डोक्यावरचा निम्मा भार उतरला.

एकूण चार डायलिसिस लागली. नवव्या दिवशी लघवी ९०० मिलिलिटर झाली. काकूंनी ते लघवीचं भांडं येईल-जाईल त्याला दाखवलं. बाराव्या दिवशी सव्वातीन लिटर. हा टप्पा सोपा वाटतो, पण तसा नाही. नव्या नलिकांना पाणी आणि क्षार राखता येत नाहीत. त्याच माणसाचं पोटॅशियम आता ३.१ झालं आणि ते भरून द्यावं लागलं. घरी सोडताना क्रिएटिनिन २.४ होतं आणि मानेतली नळी काढलेली होती.

पुढे काय झालं

सहा आठवड्यांनी १.६. तीन महिन्यांनी १.४, आणि तिथेच थांबलं. घरच्यांसाठी हे "नॉर्मल"च. पण गाळण्याची क्षमता आजाराआधी मिनिटाला ७८ मिलिलिटरच्या आसपास होती, ती आता ५८ वर आली. शिवाय आजारपणात वजन ६६ वरून ६१ झालं होतं. स्नायू घटले की क्रिएटिनिन कमी तयार होतं, त्यामुळे खरी क्षमता ५८पेक्षाही कमी असू शकते. त्यासाठी सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी करायला सांगितलं आहे. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे १४० मिलिग्रॅम आलं. तीन महिन्यांच्या पुढे टिकलेला बिघाड म्हणजे जुनाट किडनीविकार. काका बरे झाले, पण जशी होती तशी किडनी घेऊन घरी गेले नाहीत. आणि हा चांगला निकाल आहे. अतिदक्षता विभागात जंतुसंसर्ग आणि इतर अवयव निकामी होऊन डायलिसिस लागतं, तेव्हा जवळपास निम्मे रुग्ण दगावतात. जे वाचतात त्यांच्यात पुढे किडनी आणि हृदय दोन्हींचा धोका वाढलेला राहतो.

टेल्मिसार्टन पुन्हा सुरू करायचं का? घरचे तयार नव्हते. पण बीपी १४८ वर होतं आणि लघवीत अल्ब्युमिन जात होतं. अशा किडनीला याच गोळीची सर्वाधिक गरज. २० मिलिग्रॅमवर सुरू केलं, दहा दिवसांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहिलं, दोन्ही जागेवर होते. लघवीची गोळी आणि ग्लिमेपिराइड परत दिली नाही. मेटफॉर्मिन कमी मात्रेत दिलं. पाठदुखीला पॅरासिटामॉल, शेक आणि मलम. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन यापुढे नाही, कोणीही दिलं तरी.

फाइलच्या पुठ्ठ्यावर मराठीत लिहून दिलं आहे : जुलाब, उलट्या किंवा जेवण-पाणी बंद असेल तर टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन तेवढ्या दिवसांपुरतं थांबवा, ओआरएस प्या, आणि नीट जेवायला लागल्यावर एक-दोन दिवसांनी गोळ्या पुन्हा सुरू करा. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर शहाळं देऊ नका, त्याच दिवशी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. मुलाने त्याचा फोटो काढून गावच्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला पाठवला. त्या डॉक्टरांचा मला फोन आला. आणखी कोणकोणत्या गोळ्या अशा थांबवायच्या, ते त्यांनी बारकाईने विचारून घेतलं.

पुढची तपासणी ऑक्टोबर छाटणीच्या आधी ठरली आहे : क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन. त्यानंतर दर सहा महिन्यांनी.